व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतरचं वर्ष: नाशिकच्या महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी करायची कामं

दारू सोडवणं डॉक्टरांचं काम, गर्द पकडणं पोलिसांचं काम, दुकानाचा परवाना उत्पादन शुल्क खात्याचा. या वाटणीत स्थानिक संस्थांच्या वाट्याला उरते २६ जूनची रॅली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली शपथ आणि शाळेतली चित्रकला स्पर्धा. मग सातपूरच्या कामगार वसाहतीतला एखादा माणूस महिनाभर केंद्रात राहून घरी येतो. त्याच्या आजूबाजूला त्या वेळी काय असतं? वॉर्डातला दवाखाना, आशाताई, समाजमंदिर, व्यायामशाळा, सिटीलिंकची बस, नगरसेवकाचं संपर्क कार्यालय. म्हणजे जवळजवळ सगळं महापालिकेचंच. केंद्रातले समुपदेशक दहा-पंधरा किलोमीटरवर राहतात, आणि जुना गुत्ता घरापासून दोन गल्ल्यांवर असतो.

व्यसनातून सावरायला वेळ लागतो, आणि घसरण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. शरीरातली दारू उतरवायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आयुष्य परत बसवायला वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून माझं ठाम मत आहे की स्थानिक संस्थेने नव्या व्यसनमुक्ती केंद्राची इमारत बांधण्याच्या नादी न लागता, केंद्रातून परतलेल्या माणसाच्या पुढच्या बारा महिन्यांची जबाबदारी अंगावर घ्यावी. पुढे लिहिलंय ते नगरसेवक, विभागीय अधिकारी, मनपाचे वैद्यकीय अधिकारी, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी. आणि या सगळ्यांच्या मागे लागणाऱ्या बचत गटांसाठी, मंडळांसाठी.

पायरी १: कोण काय करतं ते एका कागदावर लिहा

पहिल्या बैठकीत हेच करायचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थविरोधी जिल्हा समन्वय समिती असते. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे सिव्हिल हॉस्पिटल आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रं समाजकल्याणच्या वाटेने येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. शहरातले दवाखाने, बिटको, झाकीर हुसेन, पंचवटीचं इंदिरा गांधी आणि मोरवाडीचं स्वामी समर्थ ही रुग्णालयं मनपाकडे. मालेगावची महापालिका वेगळी, तिचा कागद वेगळा.

हा कागद भरताना एक रकाना रिकामा राहतो: केंद्रातून सुटी झाल्यावर माणूस कुणाचा? तिथे मनपाने स्वतःचं नाव लिहावं. ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला कायदा दाखवा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हे नागरी संस्थांचे विषय आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये अनिवार्य कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. सार्वजनिक आरोग्याला हातभार लावणारं काम त्यात बसतं.

आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचं (एनडीपीएस, १९८५) कलम ६४ अ. कमी मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने उपचार घ्यायला तयार असेल, तर तिला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं; मात्र उपचार पूर्ण करावा लागतो. असा उपचार शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेत घेता येतो. स्थानिक प्राधिकरण हे शब्द कायद्यातच आहेत. म्हणजे मनपाच्या रुग्णालयात उपचार सुरू असेल, तर एखाद्या कॉलेजच्या पोराचं भविष्य कोठडीच्या दारातून मागे फिरू शकतं. २०२३ मध्ये शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना उघडकीला आला, तेव्हा शहरात चर्चा कारवाईचीच झाली. त्या एमडीच्या आहारी गेलेली पोरं मात्र आपल्याच गल्लीत राहिली, त्यांच्यासाठी हे कलम कामाचं आहे.

महासभेच्या ठरावाने एक समन्वय अधिकारी नेमा. उपायुक्त दर्जाचा असला तर उत्तम, कारण आरोग्य, समाजकल्याण, मिळकत आणि प्रशासन या चार विभागांना एका टेबलाशी बसवायचं आहे. नुसती समिती नेमली तर फाइल फिरत राहील.

पायरी २: गरज मोजा, पण माणसांच्या याद्या करू नका

२०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.७ टक्के लोकांना दारूचं अवलंबित्व आहे. त्यांच्यातल्या दर ३८ माणसांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार दर १८० मध्ये एकाला. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्यातले साधारण १२ लाख या वयोगटातले धरले, तर देशाच्या सरासरीने सुमारे ३२ हजार माणसं होतात. उपचार मिळणारी साडेआठशेच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे आणि शहर तेव्हापासून वाढलंय, पण खाटा बांधून हा प्रश्न सुटणार नाही हे कळायला एवढा पुरेसा आहे.

सहाही विभागांत महिनाभर माहिती गोळा करा. अपघात विभागात फिट आलेले, दारूच्या नशेत पडून आलेले किती? कावीळ आणि पोटात पाणी झालेले किती? महिला समुपदेशन केंद्रातल्या तक्रारींत नवऱ्याच्या व्यसनाचा उल्लेख किती वेळा येतो? नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटणाऱ्यांपैकी किती जण ब्राऊन शुगर किंवा एमडीवाले? द्वारका, भद्रकाली, गोदाघाट, निमाणी, पाथर्डी फाटा, अंबड लिंक रोड इथे कुठलं व्यसन जास्त दिसतं? घाटावरच्या पोरांचं व्हाइटनर आणि सोल्युशन हा स्वतंत्र विषय आहे. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त आढळलं होतं, १.१७ टक्के.

आणि हो, सावरलेल्या माणसांना बैठकीला बोलवा. पाच-दहा वर्षं सोबर असलेला माणूस आणि त्याची बायको जे सांगतील ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे कोण पितं’ असं विचारत नोंद करण्याचा प्रकार मात्र कुणी सुचवला तरी करू नका. ती यादी दुसऱ्या दिवशी चावडीवर असते, आणि मग त्या घरातलं कुणीही दवाखान्याची पायरी चढत नाही.

पायरी ३: वॉर्डातल्या दवाखान्यात एक प्रश्न रोज विचारला जाऊ द्या

या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

रक्तदाब, साखर, खोकला, पाठदुखी, कशासाठीही माणूस आला की केसपेपर काढणारी नर्सताई वजन घेता घेता विचारते: “दादा, तंबाखू? दारू? वर्षभरात साधारण कितीदा होते?” हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा, चेहरा बघून निवडून विचारायचा नाही. उत्तर होकारार्थी आलं तर जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ती घ्यायला पाच मिनिटं पुरतात. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे, वीस किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून डॉक्टरांकडे पाठवायचं.

इथे एक अडचण हमखास येते. चाचणीत ‘किती मापं’ असं विचारलेलं असतं आणि आपला माणूस उत्तर देतो क्वार्टरमध्ये किंवा नाईन्टीमध्ये. “काही नाही हो, रोजची एक क्वार्टर” याला तो कमी समजतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, देशी असो वा इंग्लिश, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ऑडिटचं एक माप १० ग्रॅमचं. म्हणजे एक क्वार्टर म्हणजे सहा मापं. हा हिशेब मराठीत छापून प्रत्येक दवाखान्याच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

ज्यांचं पिणं अजून अवलंबित्वापर्यंत गेलेलं नाही, त्यांच्याशी डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटं नीट बोलणं, आकडा समोर ठेवणं, दोन आठवड्यांनी परत बोलावणं, एवढ्याने अनेकांचं प्रमाण खाली येतं. यावर जगभर अभ्यास झाले आहेत. त्यासाठी ना खाट लागते, ना मानसोपचारतज्ज्ञ.

दवाखान्याची वेळ हाही उपचाराचाच भाग आहे. सकाळची ओपीडी सातपूर-अंबडच्या फर्स्ट शिफ्टवाल्याच्या कधीच कामाची नसते. खाडा केला तर पगार कापला जातो, आणि ‘कशासाठी रजा’ याचं उत्तर सुपरवायझरला द्यायचं नसतं. त्यामुळे प्रत्येक विभागात निदान एका दवाखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी ही सेवा हवी, आणि दारावर ‘व्यसनमुक्ती ओपीडी’ अशी पाटी नको. साध्या ओपीडीतच ती चालू द्या.

पायरी ४: दारू उतरवण्याची सोय आपल्याच रुग्णालयात

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. घरातल्यांना वाटतं वेड लागलं किंवा बाहेरचं झालं. मग देवऋषी होतो, दोरीने बांधणं होतं.

बिटको आणि झाकीर हुसेनमध्ये मेडिसिन वॉर्डातल्याच मोजक्या खाटा यासाठी राखून ठेवता येतात. वेगळा वॉर्ड नको. औषधं महागडी नाहीत: क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दारूड्या माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायचं, ही गोष्ट प्रत्येक रात्रपाळीच्या डॉक्टरला पाठ हवी. उलट झालं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. पुढे तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट या गोळ्या मनपाच्या औषध खरेदीच्या यादीत घाला. आज बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी मिळते, गोळी बाहेरून आणावी लागते, आणि तिसऱ्या आठवड्यात पैसे संपले की गोळीही संपते.

झोपेच्या गोळ्यांचं व्यसन वेगळ्या काळजीने हाताळावं लागतं. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी चालते ती अल्प्राझोलाम. ती एकदम बंद केली तरीही फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. धाडीनंतर बाजारातून गोळी गायब झाली की त्याच आठवड्यात रुग्णालयांनी सावध राहायला हवं, म्हणून पोलीस आणि आरोग्य विभागाने एकमेकांना आधी कळवायची पद्धत ठेवा. ब्राऊन शुगरवाल्याचं उलट असतं. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि बाहेर येऊन त्याने जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगणं मनपाच्या कर्मचाऱ्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असावं.

विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. जेवणात गुपचूप औषध कालवण्याचा हा धंदा आहे. डायसल्फिरॅमसारखं औषध माणसाला न कळता दिलं आणि त्यावर तो प्यायला, तर जिवावर बेततं. थांबे आणि पथदीपांचे खांब मनपाचे आहेत, मालमत्ता विद्रूपीकरणविरोधी कायदा १९९५ पासून आहे. या चिठ्ठ्या काढा, छापणाऱ्यावर कारवाई करा आणि त्याच जागी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन लिहा. दोन्ही मोफत आहेत.

पायरी ५: खासगी केंद्रांकडे डोळसपणे बघा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्यामुळे रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. बंगला भाड्याने घेऊन, खिडक्यांना जाळ्या ठोकून चालवलेली ‘सेंटरं’ या कायद्यात बसत नाहीत.

विभागीय कार्यालयाने आणि घरच्यांनीही इतकं तरी बघावं: नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात आहे का, डॉक्टर प्रत्यक्ष किती वेळ येतात, माणूस स्वतःच्या संमतीने दाखल आहे का, नसेल तर कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि तज्ज्ञांची तपासणी झाली आहे का (असं दाखल करणंही तीस दिवसांपुरतंच), घरच्यांशी बोलू देतात का. साखळीने बांधणं, जबरदस्तीने डोकं भादरणं, जबरदस्तीने काम करून घेणं यांना कायद्याने मनाई आहे. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेऊ, असं कुणी फोनवर सांगितलं तर तिथे पाठवू नका.

मनपा उपचाराची तपासणी करू शकत नाही, पण अग्निशमन, इमारतीचा वापर, पाणी आणि सांडपाणी तपासू शकते. तिथे काही वावगं दिसलं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला लेखी कळवायचं.

पायरी ६: पुढचे बारा महिने

माणूस घरी येतो तो दिवस बघा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कपडे, फाइल, दहा दिवसांच्या गोळ्या. आई औक्षण करते. शेजारी दारातून बघतात. संध्याकाळी सहा वाजता, जी त्याची पिण्याची वेळ होती, त्या वेळी त्याला काहीच काम नसतं. खिशात पैसे नाहीत म्हणून बरं, असं बायकोला वाटतं. जुना दोस्त खालून हाक मारतो. मदत पोचायला हवी ती याच सहा वाजता.

*सुटीच्या आधी निरोप.* केंद्राने किंवा रुग्णालयाने, माणसाच्या लेखी संमतीने, त्याच्या वॉर्डातल्या दवाखान्याला कळवायचं. दवाखान्याने ४८ तासांत फोन करायचा आणि सात दिवसांत भेट ठरवायची. पहिले तीन महिने आठवड्याला, पुढचे तीन पंधरवड्याला, मग महिन्याला. संमती नसेल तर कळवायचं नाही. गोपनीयता त्याचा हक्क आहे.

*साथी नेमा.* पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून जे करून दाखवलं त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे तिथूनच बरे झालेले कित्येक जण पुढे कार्यकर्ते झाले. मनपाने प्रत्येक विभागात असे साथी मानधनावर घ्यावेत. माझ्या मते निदान दोन वर्षं सोबर असलेला, प्रशिक्षण घेतलेला, आणि ज्याच्यावर समुपदेशकाची देखरेख आहे असा माणूस हवा. फुकटात राबवू नका. त्यालाही स्वतःचं सावरणं सांभाळायचं असतं. रोज दहा घसरलेल्यांच्या मागे धावून तो स्वतः थकला तर दोन माणसं जातात. महिलांसाठी महिला साथी लागेलच. बाईचं पिणं घरात लपवलं जातं, आणि ती पुरुषांच्या मीटिंगला येत नाही.

*जागा द्या.* अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगला काय लागतं? एक खोली, वीस-पंचवीस खुर्च्या, पंखा, चहा. समाजमंदिरं, अभ्यासिका, शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. एक खाचखळगा लक्षात ठेवा: एए बाहेरून देणगी घेत नाही, स्वतःच्या खर्चाने चालणं हा त्यांचा दंडक आहे. म्हणून ‘मोफत दिलं’ असं जाहीर न करता नाममात्र भाड्याची पावती फाडा. उद्घाटन नको, फ्लेक्स नको, फोटो तर मुळीच नको. अनामिकतेवरच ती सगळी रचना उभी आहे. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या मीटिंगला शेजारची खोली मिळाली तर नवरा-बायको एकत्र येऊ-जाऊ शकतात.

*काम आणि पत.* रिकामा माणूस घसरतो. शहरी उपजीविकेचे सरकारी कार्यक्रम, पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी, आयटीआयचे छोटे अभ्यासक्रम यांच्याशी समन्वय अधिकाऱ्याने सावरणाऱ्यांना जोडून द्यावं. अंबड-सातपूरच्या कारखानदार संघटनांशी बोलून काही कंपन्यांत ‘परत घेण्याची’ तयारी करून घ्यावी. पगार सुरुवातीला बायकोच्या किंवा आईच्या खात्यात, तोही त्याच्या संमतीने. असा मार्ग बऱ्याच कुटुंबांनी स्वतःच शोधलेला आहे.

*निवारा.* घराने बाहेर काढलेल्याला बेघर निवाऱ्यात जागा मिळते, पण तिथे आजूबाजूला पिणारे असतील तर उपयोग नाही. निदान एक खोली सोबर राहणाऱ्यांसाठी वेगळी ठेवा.

*घसरला तर.* स्लिप होणार, हे धरूनच चाला. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याचं नाव कापत नाही. प्यायलेला माणूस दवाखान्यात आला तर “आज बसा, पाणी प्या, उद्या अकराला मी आहे” असं त्याला सांगितलं गेलं पाहिजे. मानधन, भत्ता, खोली यातलं काहीही पहिल्याच स्लिपला काढून घेण्याचा नियम करू नका. हिंसा करत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बायको-मुलांची सुरक्षितता आधी.

पायरी ७: आपल्या कर्मचाऱ्यांपासून सुरुवात

पहाटे गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीवर लटकणारा सफाई कामगार दुर्गंधी सहन व्हावी म्हणून पितो, हे सगळ्यांना माहीत असतं. निलंबनाची नोटीस निघते, मग युनियन मध्ये पडते, मग परत तेच. मनपाने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी लेखी धोरण करावं: स्वतःहून पुढे आलेल्याला उपचारासाठी वैद्यकीय रजा, खर्चाची प्रतिपूर्ती, परतल्यावर काही महिने हलकं काम, आणि सेवापुस्तकात काळी नोंद नाही. सोबत हातमोजे, गमबूट, यंत्रं द्या, नाहीतर कारण तसंच राहतं. बसचालक आणि अग्निशमनच्या जवानांसाठीही हेच, फक्त सावरेपर्यंत स्टिअरिंगपासून लांब. जी संस्था आपल्या माणसाला सांभाळते तिच्या दवाखान्यावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवतो.

पायरी ८: ग्रामपंचायतींनी काय करावं

पेसा कायद्याने अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिलेला आहे. पेठ-सुरगाण्याच्या गावांनी तो वापरावा. इतर गावांसाठी दारूची दुकानं बंद करण्याबाबतच्या राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाचा रस्ता आहे: २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन, सह्यांची पडताळणी, गुप्त मतदान, आणि आदेशात ठरवून दिलेलं बहुमत आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, मिळालं तर दुकान बंद.

पण बाटली आडवी करण्याच्या आधी एक तयारी करा. दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावातल्या रोज पिणाऱ्यांना थरथर, फिट, भास सुरू होऊ शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तारीख आधी सांगा, औषधं आणून ठेवा, १०८ चा नंबर आशाताईकडे, पोलीस पाटलांकडे आणि शाळेच्या भिंतीवर असू द्या. ज्या बायांनी सह्या गोळा केल्या, त्यांच्याच घरात त्या रात्री एखादा माणूस तडफडत असतो. बंदी यशस्वी झाली आणि माणूस दगावला, असं होऊ देऊ नका.

आदिवासी तालुक्यांतले मजूर छाटणीला आणि द्राक्षाच्या हंगामाला निफाड-दिंडोरीकडे येतात. उपचार गावात सुरू झाला आणि माणूस ऑक्टोबरला बागेवर गेला की धागा तुटतो. त्यासाठी साधं पाठपुरावा कार्ड करा, पिवळं-निळं काहीही, ज्यावर आजाराचं नाव नाही, फक्त गोळ्या आणि पुढची तारीख; जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ते चालेल असा आदेश जिल्हा परिषदेने काढावा. आणि बागायतदारांनी मजुरीचा काही भाग दारूच्या रूपात देण्याची रीत जिथे असेल तिथे ती बंद करावी. हे ग्रामसभेत उभं राहून बोलावं लागेल.

खर्चासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित निधी आहे, ग्रामपंचायत विकास आराखड्यात आरोग्याचं कलम आहे. साथीचं मानधन, मीटिंगच्या खोलीची डागडुजी, रुग्णाला तालुक्याला नेण्याचं भाडं यात बसवता येतं.

पायरी ९: मुलांसाठी मैदान

यावर थोडक्यात. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात नशेत झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. या कामात नगरपालिकांचा वाटा मोठा होता. राजधानी रेक्याविकच्या नगरपालिकेने प्रत्येक मुलाला खेळ, संगीत, नृत्य शिकण्यासाठी वार्षिक भत्ता दिला आणि पालकांना संध्याकाळच्या वेळेबाबत एकत्र आणलं. आपल्याकडे मनपाची मैदानं लग्नांना आणि पार्किंगला जातात. निदान संध्याकाळी पाच ते आठ ती मुलांसाठी मोकळी ठेवा, दिवे लावा, एक प्रशिक्षक द्या.

पायरी १०: काय मोजायचं

‘इतक्या जणांना दाखल केलं, इतक्या शाळांत व्याख्यानं दिली’ हे आकडे वार्षिक अहवालातून काढून टाका. त्याऐवजी दर तिमाहीला महासभेसमोर असं मांडा: सुटी झालेल्यांपैकी सात दिवसांत किती जणांची भेट झाली, तीन महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी किती जण संपर्कात आहेत, घसरलेल्यांपैकी किती जण पंधरा दिवसांत परत आले, किती जणांना काम आहे, महिला किती, आणि औषधांचा साठा किती दिवस शून्यावर होता. शेवटचा आकडा सगळ्यात बोचरा ठरतो आणि तोच सगळ्यात उपयोगी आहे.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून व्यसन उपचाराच्या सेवा नेमण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांकडे आहे. तिथला अनुभव असा की निधी राखीव नसला तर पहिली कात्री याच सेवेला लागते. म्हणून अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवं, आरोग्याच्या ‘इतर’मध्ये दडपलेलं नको.

महासभेसमोर ठेवायच्या ठरावाचा मसुदा खाली देतो. आपल्या विभागाप्रमाणे बदल करून घ्या:

“नाशिक महानगरपालिका हद्दीतील व्यसनाधीन व्यक्तींच्या उपचारानंतरच्या पाठपुराव्याची जबाबदारी महानगरपालिका स्वीकारत आहे. त्यासाठी (१) उपायुक्त दर्जाचा समन्वय अधिकारी एक महिन्यात नेमण्यात यावा. (२) सहाही विभागांत प्रत्येकी एका दवाखान्यात आठवड्यातून दोन सायंकाळी समुपदेशन व औषध सेवा तीन महिन्यांत सुरू करावी. (३) बिटको व झाकीर हुसेन रुग्णालयांत दारू उतरवण्याच्या उपचारासाठी खाटा निश्चित करून वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांचे प्रशिक्षण घ्यावे. (४) प्रत्येक विभागात किमान एक पुरुष व एक महिला साथी मानधनावर नेमावेत. (५) स्वमदत गटांच्या बैठकांसाठी समाजमंदिरे व शाळांचे वर्ग सायंकाळी नाममात्र शुल्कात उपलब्ध करून द्यावेत. या बैठकांचे छायाचित्रण वा प्रसिद्धी करू नये. (६) महानगरपालिका कर्मचाऱ्यांसाठी उपचार-रजा धोरण सहा महिन्यांत मंजुरीसाठी सादर करावे. (७) या कामासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि तिमाही अहवाल महासभेपुढे ठेवावा.”